कुंदलेने काढलेला चेहरा

एका राज्यात ऋतू पायी येत आणि पायी जात. त्या राज्याच्या तीन बाजूंना थंड समुद्र होता, चौथ्या बाजूला धुके होते, आणि ऋतू धुक्याच्या बाजूने येत. पण आपण होऊन कोणताही ऋतू सीमा ओलांडत नसे. त्याला बोलवावे लागे, आणि बोलवायचे ते तोंडाने नव्हे, हातापायांनी. कापणीत शेवटची पेंढी उरली की तिच्या काड्या विणून बाहुली करायची, म्हणजे शरद येई. हरणाची शिंगे डोक्याला बांधून सहा जण गावाभोवती सहा फेरे नाचले की हिवाळा येई. उंच खांबाला रंगीत फिती गुंफल्या की उन्हाळा येई. आणि वसंत यायचा तर सीमेवरच्या जुन्या झाडाला लाकडी चेहरा टांगावा लागे. त्या चेहऱ्याच्या तोंडातून, नाकपुड्यांतून, भुवयांतून पाने फुटलेली असत. त्याला पर्णमुख म्हणत. वर्षभर ऊनपाऊस खाऊन चेहरा कुजे, म्हणून दर वर्षी नवा करावा लागे.

एकतीस वर्षे तो चेहरा कुंदला नावाच्या चितारणीने केला. तिच्याआधीही लोक तो करीत, वसंतही येई, पण लोकांनी झाडाखाली थांबून तो पाहावा असे कधी झाले नव्हते. कुंदलेने कधी अख्खे पान रंगवले नाही. तिच्या एका पानाला अळीने खाल्लेले भोक असे, दुसरे दवाने वाकलेले, तिसऱ्याची कड तांबूस पडू लागलेली. पाने तोंडातून बाहेर पडत, पण चेहऱ्याला त्याचा त्रास होत नसे. बोलता बोलता माणूस थांबावा आणि पुढचा शब्द हिरवा निघावा, तसे ते दिसे. मेंढपाळ कळप थांबवून पाहत. भांडणारे नवराबायको तिथवर भांडत येत आणि तिथे गप्प होत. लोक म्हणत, वसंत या चेहऱ्यात स्वतःला ओळखतो आणि आपल्या घरात शिरावे तसा राज्यात शिरतो.

कुंदलेचा नवरा शाल्मल. तो मधमाश्या पाळी आणि तिचे रंग वाटी. दोन्ही कामे गप्प बसून करायची, आणि शाल्मलाला ते जमे. वाटून वाटून त्याचा उजवा अंगठा कायमचा हिरवा झाला होता.

वार्ता आली तो दिवस साधा होता. हिवाळ्याची अखेर होती. अंगणात मधमाश्यांची सात मोहोळे होती, गवत वळून केलेल्या पालथ्या टोपल्यांत. शाल्मल त्यांना शेणमातीने लिंपीत होता. पाचवी टोपली लिंपून झाली तेव्हा कुंपणापाशी उत्तर खोऱ्यातला एक मेंढपाळ येऊन उभा राहिला. कुंदला उत्तर खोऱ्यातच गेली होती, तिथल्या लोकांना फितींचा खांब रंगवून द्यायला.

"शाल्मल ते तुम्हीच का?"

"मीच. बसा. चालत आलात?"

"चार दिवस." मेंढपाळाने टोपी काढली. "कुंदलाबाई वारल्या. तीन दिवस ताप होता. आम्ही केले हो सगळे, होते नव्हते ते केले. टेकडीच्या उतारावर मातीत निजवले, उगवतीकडे तोंड करून."

"चार दिवसांची वाट," शाल्मल म्हणाला. "पाय शेकून घ्या."

त्याने पाणी तापवले, भाकर आणि मध पुढे ठेवला, मेंढ्या व्यायल्या का ते विचारले. मेंढपाळ म्हणाला, अजून आठवडा आहे. मग शाल्मलाने हात धुतले, दाराची किल्ली घेतली आणि तो अंगणात गेला.

कारण त्या राज्यात अशी रीत होती. घरातले माणूस मेले तर सूर्य वीतभर सरकायच्या आत मधमाश्यांना सांगायचे. घराच्या किल्लीने टोपलीवर तीनदा ठोकायचे आणि उघड्या शब्दांत सांगायचे: अमका मेला, अमकी मेली. आडपडद्याने नाही. माश्या एकदा मोठ्याने गुणगुणत आणि पुन्हा कामाला लागत. ज्यांनी सांगितले नाही त्यांच्या माश्या उडून गेल्याच्या गोष्टी म्हातारी माणसे सांगत. मात्र माश्यांशी खोटे कोणी कधीच बोलले नव्हते, म्हणून तसे केले तर काय होते हे कोणालाच ठाऊक नव्हते.

शाल्मलाने पहिल्या टोपलीवर तीनदा ठोकले. आतून गुणगुण आली, काय आहे, अशी. या माश्या कुंदलेच्या रंगाच्या वाट्यांवर येऊन बसत, आणि ती त्यांना कुंचल्याच्या दांड्याने हलकेच बाजूला सारी. शाल्मलाने तोंड उघडले.

"कुंदला उत्तर खोऱ्यात आहे," तो म्हणाला. "येईल."

सातही टोपल्यांना त्याने हेच सांगितले. संध्याकाळी शेजारची गोमेदा सुतारीण भाकऱ्या घेऊन आली. पर्णमुखाचे लाकूड एकतीस वर्षे तीच तासून देत आली होती.

"मोहोळांना सांगितलेत ना, भावोजी?"

"सांगितले."

"बरे केलेत. खा थोडे."

माश्यांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. त्या टोपलीच्या तोंडाशी येऊन उत्तरेकडे पाहत बसल्या. आणि मग राज्यातले सगळेच वाट पाहू लागले. नदीवरचा बर्फ अर्धा वितळला आणि तसाच थांबला. कळ्या फुगल्या, उमलल्या नाहीत. मेंढ्यांची पोटे जमिनीला लागली, पण एक मेंढी व्याली नाही. कोंबड्या अंड्यांवर बसल्या त्या बसल्याच. एक महिना गेला, दुसरा गेला. कोठारांचे तळ दिसू लागले. लोक म्हणत, चेहरा टांगला नाही, म्हणून वसंत येत नाही. खरे काय ते शाल्मलाला पहिल्या आठवड्यातच उमगले होते. रोज सकाळी तो किल्ली घेऊन अंगणात जाई आणि रोज तशीच परत आणी.

एके दिवशी गोमेदा कुंपणाशी उभी राहिली. या खेपेला तिच्या हातात भाकऱ्या नव्हत्या.

"माझ्या सुनेला अकरावा महिना लागला," ती म्हणाली. "पोर आत हलते, बाहेर येत नाही. सुईण म्हणते, असे पाहिले नाही. आणखी पंधरा दिवस ती टिकायची नाही हो, भावोजी. तुम्ही राजाकडे जा. चेहऱ्याचे काहीतरी करा."

तेवढ्यात राजाचाच दूत दारात आला.

राजा तुषारकेतू म्हातारा होता आणि कमी बोलत असे. त्याच्या उजव्या हाताला राजमांत्रिक कुहरनाथ उभा होता.

"शाल्मल, चेहरा तू कर."

"महाराज, मी रंग वाटणारा. कुंचला मी धरलेला नाही."

"एकतीस वर्षे तिच्याजवळ बसलेला दुसरा कोणी या राज्यात आहे?"

"नाही, महाराज."

"मग तूच."

कुहरनाथ म्हणाला, "तीन रंग लागतील. हिरवा, नाचणाऱ्या बहिणींकडचा. पांढरा, टेकडीवरल्या घोड्याच्या डोळ्यातला. सोनेरी, थडग्याच्या टेकाडातला. तीन दिवसांत तिन्ही आण. रंग दुसरीकडचे चालणार नाहीत."

"ती तिथे एकटीच जाई," शाल्मल म्हणाला. "मला वाट माहीत नाही."

"वाट दाखवणारा दाराशी बसला आहे," कुहरनाथ म्हणाला.

राजवाड्याच्या दाराशी, दगडी सिंहाच्या कानात, अंगठ्याएवढा तपकिरी पक्षी शेपूट उभारून बसला होता.

"वाकून बोल," पक्षी म्हणाला. "मी राजा चिमूट. पक्ष्यांचा राजा."

शाल्मल वाकला. "गरुड नव्हे का राजा?"

"गरुड मोठा आहे. राजा मी आहे. उंच उडण्याची पैज लागली तेव्हा मी त्याच्या पाठीवर निजून गेलो, आणि तो थकल्यावर वर हातभर उडालो. डोके वापरायला बंदी नव्हती. चल. तुझी बायको दर हिवाळ्यात माझ्यासाठी खिडकीत चरबीचा गोळा ठेवी. तू ठेवला नाहीस."

"सुचले नाही."

"हिवाळा लांबला आहे. मला रोज सुचते."

पहिल्या दिवशी ते नाचणाऱ्या बहिणींपाशी पोहोचले. उजाड माळावर उभ्या दगडांचे रिंगण होते. एका निषिद्ध दिवशी नाच थांबवला नाही म्हणून त्या बहिणी दगड झाल्या होत्या. हिरवे, तांब्याच्या गंजासारखे शेवाळ त्यांच्या अंगावर वाढे. तशा हिरव्यासारखा हिरवा त्या राज्यात दुसरा नव्हता.

"अगबाई, हा तर तो वाटणारा!" एक दगड म्हणाला.

"अंगठा बघ की, अजून आपलाच रंग," दुसरा म्हणाला.

"रंग हवा? मग मोज आम्हाला," तिसरा म्हणाला. "चुकलास तर तूही इथेच उभा राहशील. पुरुष नाही आमच्यात एकही. कंटाळलो बाई."

सगळे दगड हसले, आणि माळावरचे गवत हलले.

शाल्मलाने मोजले, नऊ भरले. दुसऱ्यांदा मोजले, बारा भरले. दगड हलत नव्हते, पण डोळा हलला की त्यांची संख्या बदले. तेव्हा शाल्मलाने माळावरच्या एका विझलेल्या शेकोटीतली राख अंगठ्याला लावली आणि एकेकीच्या कपाळावर ठिपका देत तो फिरला, कुंदला पाने रंगवताना रंगवून झालेल्या पानाला खूण करी तसा. रिंगण पुरे झाले.

"अकरा," तो म्हणाला.

"कोणी शिकवले तुला?"

"कोणी नाही. पाहिले होते."

"ती आम्हाला मोजत नसे," पहिली म्हणाली. "तिने प्रत्येकीला नाव दिले होते. मला ठेंगणी म्हणे. एकदा पावसात आली, तर आधी आमच्या पायांशी साचलेले पाणी काठीने वाट काढून घालवले, मग रंग मागितला. या वर्षी का नाही आली?"

शाल्मल पिशवी उघडत होता. "तिला बरे नाही," तो म्हणाला.

त्याने शेवाळ खरवडून पिशवीत भरले. माळ उतरल्यावर पिशवी उघडून पाहिली, तर आत राखाडी भुकटी होती.

"खोटे सांगून घेतलेला रंग विटतो," राजा चिमूट म्हणाला. "हे माझ्या पिल्लांनाही ठाऊक आहे."

"तू आधी का नाही सांगितलेस?"

"तू विचारलेस कुठे? तुझ्या घराण्यात विचारायची पद्धत दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी ते घोड्याच्या टेकडीवर गेले. ती टेकडी खडूची होती. तिच्या उतारावरचे गवत कापून, खालचा पांढरा खडू उघडा करून, फार फार पूर्वी कोणीतरी एक धावता घोडा काढला होता. पाचच रेषा होत्या, आणि त्या पाच रेषांत मान, पाठ, चारही पाय आणि वारा होता. काढणाऱ्यांना तो जवळून कधी दिसला नसेल, कारण तो तीन कोसांवरूनच दिसे. गवत पुन्हा वाढून तो बुजू नये म्हणून दर वर्षी सात गावांचे लोक येऊन त्याला खरवडून काढीत. या वर्षी कोणी आले नव्हते. घोड्याचे कान बुजले होते आणि डोळ्यात तण माजले होते.

"डोळा साफ कर," घोडा म्हणाला. त्याचा आवाज पायांखालून आला. "एकट्याने, दिवस मावळायच्या आत. मग खडू घे."

शाल्मल गुडघ्यांवर बसला आणि मुळापासून तण उपटू लागला. दुपारपर्यंत त्याची नखे तुटली. उतरत्या उन्हात डोळा पांढरा झाला, चार माणसे झोपतील एवढा.

"हं," घोडा म्हणाला. "आता दिसले. ती दर वर्षी साफसफाई संपली की माझ्या डोळ्यात उभी राहून गोल फिरे, आणि हसे. मी तिला एकदा विचारले, का हसतेस? म्हणाली, ज्याने ही पाठीची रेषा काढली त्याचा हात थरथरला नाही, माझा अजून थरथरतो. चांगली आहे. दुसऱ्याचे चांगले पाहून हसणारी. ती कुठे आहे?"

शाल्मलाने खोटे सांगितले नाही. तो काहीच बोलला नाही. खडू भरून त्याने दुसरी पिशवी बांधली आणि तो उतरू लागला. अर्ध्या उतारावर पिशवी ठिबकू लागली. आत पांढरे काही नव्हते, नुसते पाणी होते.

राजा चिमूट त्याच्या खांद्यावर बसला होता.

"उद्या काय करशील?"

"माहीत नाही."

"मीही काही सुचवणार नाही. राजे लोक सुचवत नसतात." मग थोड्या वेळाने तो म्हणाला, "गोमेदेची सून आज उठली नाही म्हणतात. पाकोळी सांगत होती."

तिसऱ्या दिवशी भर दुपारी ते थडग्याच्या टेकाडापाशी आले. आत जुन्या राजांचे सोने पुरलेले होते, धूळ होऊन पडलेले. दाराशी राखणदारासारखा एक माणूस बसला होता. त्याच्या गुडघ्यांपर्यंत गवत चढले होते. त्याची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती.

"सोन्याला हात लावणारा इथे बसतो," तो म्हणाला. "मी एक मूठ घेतली. तेव्हापासून मूठ उघडत नाही आणि मी उठत नाही. पुढचा येईल तेव्हा मी सुटेन असे वाटे, पण पुढचा येतो तो मला पाहून परत जातो."

"कुंदला कशी नेई?"

"तुला माहीत नाही? ती हात लावत नसे. कुंचल्याला मध माखून आत घाली. चिकटेल तेवढे तिचे. केवढे ते? पानांच्या शिरांवर केसाएवढी एक एक रेघ ओढण्यापुरते. मी म्हणालो, बाई, एवढ्यासाठी एवढ्या लांब? म्हणाली, ऊन पानाच्या शिरेवर एवढेच पडते, जास्त लावले तर खोटे दिसेल." त्याने मान वर केली. "तुझ्या दोन्ही पिशव्यांना वास येतो आहे. ती का आली नाही?"

शाल्मल टेकाडाच्या दारात उभा राहिला. समोर मिटलेली मूठ होती. ती किती वर्षे मिटलेली आहे हे मोजायला तिच्यावर खूणच उरली नव्हती. त्वचा आणि नखे एक झाली होती.

"कुंदला मेली," शाल्मल म्हणाला. "उत्तर खोऱ्यात. तापाने. तिसऱ्या दिवशी."

दुपार होती तशीच राहिली. आकाश फाटले नाही. राजा चिमूट खांद्यावरून उतरून गवतात गेला.

"हे मला सांगून काय उपयोग?" राखणदार म्हणाला. "मी तिचा कोण? ज्यांना खोटे सांगितलेस त्यांना सांग. सोने मी देत नाही, तूही घेऊ नकोस. जा."

"सोन्याशिवाय चेहरा पुरा होणार नाही."

"आधी सांग तर खरे. पुढचे पुढे."

शाल्मल चालत निघाला. चौथ्या दिवशी सकाळी तो घरी पोहोचला. गोमेदेच्या घरातून कण्हण्याचा आवाज येत होता, आणि मध्येच तोही थांबत होता. त्याने पाय धुतले नाहीत. किल्ली घेतली आणि तो पहिल्या टोपलीपाशी गेला. माश्या तोंडाशी बसल्या होत्या, रोडावलेल्या, उत्तरेकडे पाहत.

त्याने तीनदा ठोकले.

"कुंदला मेली. मी तुमच्याशी खोटे बोललो. ती येणार नाही."

आत काही हलले नाही. तो दुसऱ्या टोपलीपाशी गेला आणि तेच बोलला. तिसरीपाशी त्याचा आवाज बसला, म्हणून तिथे दोनदा सांगावे लागले. चौथ्या टोपलीला त्याने सांगितले की तिला उगवतीकडे तोंड करून निजवले आहे. पाचवीला सांगितले की मेंढपाळ चांगला माणूस होता, चार दिवस चालत आला. सहावीला सांगितले की मी तेव्हा रडलो नाही, शेणमाती लिंपत होतो. सातव्या टोपलीला सांगायला नवे काही उरले नव्हते. "कुंदला मेली," तो म्हणाला, आणि टोपलीशेजारी जमिनीवर बसला.

तेव्हा सातही मोहोळे एकदम गुणगुणली. तो आवाज सातही गावांना ऐकू गेला, आणि रीत ठाऊक असलेल्या प्रत्येकाने हातातले काम खाली ठेवले. मग नदीवरचा बर्फ कडाडून सुटला. माळावर पहिली मेंढी व्याली. शेजारच्या घरातून आधी सुनेची किंकाळी आली, आणि तिच्या मागोमाग एक बारीक, संतापलेले रडे.

थोड्या वेळाने गोमेदा दाराशी आली. तिच्या बाह्या वर सरकवलेल्या होत्या.

"मुलगी झाली. डोक्यावर एवढे केस. अकरा महिने आत बसून नटत होती सटवी." मग तिचे लक्ष त्याच्या हातातल्या किल्लीकडे गेले, आणि टोपल्यांकडे. तिला सगळे समजले. "सांगितले म्हणाला होतात तुम्ही, भावोजी."

"खोटे बोललो होतो."

गोमेदेने हात पदराला पुसले. माझी सून मेली असती, असे ती म्हणू शकली असती, आणि शाल्मल ते ऐकायला तयार होता.

"उठा," ती म्हणाली. "लाकूड तासून ठेवले आहे दोन महिन्यांपासून."

शाल्मलाने पिशव्या उघडल्या. पहिलीत हिरवा होता, बहिणींच्या अंगावर असतो तसा. दुसरीत कोरडा पांढरा खडू होता. आणि सोने माश्यांनी आणले. दुपारी त्या टेकाडाकडे उडाल्या आणि परत आल्या तेव्हा, फुलातून पराग आणावा तशी, त्यांच्या पायांना सोन्याची धूळ होती. माश्यांना हात नसतात, म्हणून त्यांना शाप लागला नाही. आधी त्यांनी राखणदाराच्या मुठीतली धूळ नखांच्या फटींतून कण कण नेली. मूठ रिकामी झाली तशी उघडली. तो माणूस उठला, ताठलेले गुडघे चोळीत समुद्राच्या वाटेने गेला, आणि वाटेत भेटेल त्याला आज कोणता राजा आहे ते विचारीत राहिला.

शाल्मलाने चेहरा रंगवला. त्याने अख्खे पान एकही रंगवले नाही. एकाला भोक ठेवले, एकाची कड तांबूस केली. चेहरा कसा असतो ते त्याला पाठ होते. रुंद कपाळ, किंचित वाकडे नाक, ऐकताना असतात तसे ओठ. हात मात्र त्याचा होता. गोमेदा मागे उभी राहून पाहत होती.

"डावी भुवई जाड झाली."

"झाली."

"कुंदला अक्कांची कधी झाली नसती."

"नसती झाली," शाल्मल म्हणाला, आणि तिने केलेल्या भुवया आठवून त्याला हसू आले. एका दमात ओढायची ती, श्वास रोखून, आणि ओढून झाली की मोठ्याने श्वास सोडायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा तुषारकेतूने आपल्या हाताने पर्णमुख सीमेवरच्या झाडाला टांगले. लोक मागे उभे राहिले. राजा चिमूट सगळ्यांत वरच्या फांदीवर बसला.

धुक्यातून वसंत आला. तो अनवाणी होता, घोट्यांपर्यंत चिखलाने माखलेला, पाठीला बोचके. तो झाडाखाली थांबला आणि चेहऱ्याकडे पाहत राहिला.

"हा हात निराळा आहे," वसंत म्हणाला.

"माझा आहे," शाल्मल म्हणाला.

"कुंदला?"

"कुंदला मेली."

वसंताने डोक्यावरचे पानांचे शिरोभूषण काढून हातात घेतले. झाडाची सावली वीतभर सरकेपर्यंत तो तसाच उभा राहिला. मग त्याने ते पुन्हा डोक्यावर ठेवले.

"भुवई जाड आहे," तो म्हणाला. "चालेल."

तो सीमा ओलांडणार, तोच थांबला आणि शाल्मलाच्या जवळ आला. इतर कोणाला ऐकू जाणार नाही असे तो बोलला.

"लोक म्हणतात, मी यात माझा चेहरा ओळखून येतो. तसे नाही. माझा चेहरा दर वर्षी बदलतो आणि असा तो कधीच नव्हता. तिने मात्र एकतीस वर्षे एकच चेहरा काढला. इतके जीव लावून काढलेले मी दुसरे काही पाहिले नाही. तो पुन्हा पाहायला मिळावा म्हणून मी येत गेलो, आणि ती नाराज होईल म्हणून काही बोललो नाही. तुला ठाऊक असेल. हा कोण आहे?"

शाल्मलाने वर पाहिले. रुंद कपाळ, किंचित वाकडे नाक. आरशात त्याला दिसणारा त्याचा स्वतःचा चेहरा हा नव्हता. तिचा बाप त्याने पाहिला होता, तोही असा नव्हता.

वसंताने त्याच्या खांद्यावर चिखलाचा हात ठेवला आणि तो राज्यात शिरला. त्याच्या मागे कळ्या उमलत गेल्या, कोंबड्या पिल्ले घेऊन उठल्या, माळावर अकरा दगडांच्या पायांशी पिवळी फुले आली. सात गावांनी मिळून घोड्याचे कान खरवडून काढले. माश्या कामाला लागल्या. राजा तुषारकेतूने पुढच्या वर्षीचा चेहराही शाल्मलानेच करावा असा हुकूम काढला, आणि शाल्मलाने तो मान्य केला.

तो चेहरा कोणाचा, हे कुंदलेला विचारायचे राहून गेले होते.